पोच

आमच्या घराच्या अर्ध्या ओटीवर पोस्ट होतं. केळशी आणि आंजर्ल्याच्या मधे, रात्री समुद्राची गाज उशाशी येईल इतक्या अंतरावर, पोफळीच्या आगरात आमचं घर. बाबा शाखा डाकपाल. गावात दोन मास्तर होते, एक शाळेचे आणि एक पोस्टाचे. आमचे बाबा दुसरे. ओटीवर लाकडी मेज, पितळी तराजू, तारखेचा शिक्का, शाईची कडक झालेली गादी, लाख वितळवायला छोटी चिमणी आणि बाहेर खांबाला लाल पेटी, एवढाच त्या पोस्टाचा संसार. सकाळी अकराच्या सुमारास रनर थैली घेऊन यायचा. पावसाळ्यात थैलीवर खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं असे, तरी आतल्या पत्रांना दमट वास यायचाच.

थैली उघडली की बाबा आधी पत्रांना हात लावत नसत. आधी यादी. वरच्या पोस्टानं काय काय पाठवलं ते त्या यादीत क्रमांकानं लिहिलेलं असे. प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक मनिऑर्डर त्या क्रमांकाशी ताडायची, खूण करायची आणि मग पोच लिहायची. यादीत असलेलं एखादं पाकीट थैलीत नसलं, तर त्याच दिवशी परतीच्या थैलीतून तसं कळवायचं. ‘आलं ते सांगायचं, नाही आलं तेही सांगायचं,’ असं ते म्हणत. मला लहानपणी हा सगळा नुसता वेळखाऊ कारभार वाटायचा. माझ्या मावशीचं पत्र त्या ढिगात असायचं आणि बाबा आकडे तपासत बसायचे.

मनिऑर्डरचा फॉर्म तुकड्यांचा असे. एका तुकड्यावर पाठवणाऱ्यानं दोन ओळी खरडलेल्या असायच्या, तो पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. दुसरा तुकडा पोचेचा. त्यावर सही नाहीतर अंगठा घेऊन तो उलटा मुंबईला जायचा. आमच्याकडे सह्या कमी, अंगठे जास्त. समोर आलेल्या म्हातारीचा अंगठा बाबा स्वतःच्या हातात धरायचे, ओला असला तर तिच्याच पदराला पुसायला लावायचे, गादीवर अलगद फिरवायचे आणि एकदाच, न घसरू देता, कागदावर टेकवायचे. ‘नीट उठू दे काकी, तिकडे तुझा पोरगा बघणारे.’ परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत रात्रपाळी करून आलेला मुलगा त्या रेषा बघायचा. पैसे पोचले हे त्याला कळायचं, आणि आई आहे हेही. १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी फार लहान होते, पण त्यानंतर थैली हलकी झाली ती झालीच, असं बाबा सांगत.

आता मी मुंबईत पदविकेच्या मुलांना संगणकांची जाळी शिकवते. बावीस वर्षं झाली. दर वर्षी पहिल्या तासाला मी २९ ऑक्टोबर १९६९ची रात्र सांगते, कारण त्या रात्रीत पुढचं सगळं आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकापुढे बसलेला. वेळ रात्री साडेदहाची. दुसरा संगणक उत्तरेला स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत, मुंबई ते गोवा असेल साधारण तेवढ्या लांब. तिथे बिल डुव्हॉल. दोघांच्या मधे नवीकोरी तार, इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याची पहिली. ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून पाठवायचा होता.

मुलांना ठाऊक असतं की पहिला निरोप अर्धवट गेला. एल गेलं, ओ गेलं, जी पाठवताच पलीकडचा संगणक कोलमडला, आणि तासाभरानं पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. मला त्यातली दुसरीच गोष्ट प्यारी आहे. ते दोघं त्या वेळी साध्या टेलिफोनवरही बोलत होते. इकडून विचारणा, एल आलं का? तिकडून उत्तर, आलं. ओ आलं का? आलं. म्हणजे इंटरनेटच्या पहिल्या दोन अक्षरांबरोबर त्यांची पोचही गेली, माणसाच्या तोंडून. पुढची सगळी वर्षं ही पोच यंत्राच्या तोंडी कशी द्यायची हे शोधण्यात गेली, असं मी मानते. पुस्तकांत इंटरनेटचा इतिहास वेगाचा आणि आकड्यांचा असतो. मला तो पोचेचा इतिहास वाटतो, आणि तो मला आमच्या ओटीवरून चांगला दिसतो.

पाकीट हा शब्दही आमच्या ओटीवरचाच. साठच्या दशकात दोन माणसांना, एकमेकांची माहिती नसताना, एकच गोष्ट सुचली. अमेरिकेत रँड संस्थेत पॉल बॅरन आणि लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस. टेलिफोनसारखी दोघांमधली पूर्ण वाट बोलणं संपेपर्यंत अडवून ठेवायची नाही. निरोपाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा आणि सोडून द्यायचे, ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं तो जाईल. बॅरन त्यांना निरोपाचे ठोकळे म्हणत. डेव्हिस यांनी एका भाषातज्ज्ञाला विचारून ‘पॅकेट’ हा शब्द निवडला, दुसऱ्या भाषांतही तो सहज जावा म्हणून. मराठीपुरती तरी त्यांची काळजी मिटलेलीच होती. आमच्याकडे तो कधीचाच पाकीट होऊन, तिकीट लावून, थैलीत पडलेला होता.

बॅरन यांनी १९६४ साली छापलेल्या टिपणांत तीन आकृत्या आहेत. पहिलीत सगळ्या रेघा एका मधल्या ठिपक्याला जोडलेल्या. दुसरीत असे चार-पाच छोटे पुंजके एकमेकांना जोडलेले. तिसरी आकृती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पाडल्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेलं जाळं दिसलं. कोळी माणसं जाळं शिवायला बसतात तेव्हा पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताणतात आणि फाटलेला आस, म्हणजे जाळ्याचं घर, शोधतात. एक आस तुटला म्हणून जाळं टाकून देत नाहीत, एकाच्या आजूबाजूला दुसरे असतात, मासा धरून राहतो. बॅरन यांची चिंता अणुयुद्धाची होती, मधलं केंद्र उडालं तरी निरोप जायला हवा. अर्पानेट बांधणाऱ्यांचा हेतू वेगळा, दूरदूरचे महागडे संगणक एकमेकांना वापरू द्यायचे एवढाच, पण जाळं त्याच घाटाचं झालं. आणि बॅरन यांचा एक हिशेब मला पाठ आहे. प्रत्येक गाठीला तीन-चार वाटा असल्या तरी पुरे, तेवढ्यानं जाळं जवळजवळ अभंग होतं. तीन-चार. या आकड्याकडे मी परत येणार आहे.

मुलांना हे समजावताना मी फळ्यावर ठिपके काढत नाही, आमचे गणपती सांगते. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. माणसं येतात चार वाटांनी. काका-काकू रेल्वेनं खेडला उतरून एसटीनं दापोली. आम्ही गाडीनं महाड, मंडणगडावरून. चुलतभाऊ मोटारसायकलवर समुद्राच्या कडेनं: अलिबाग, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, वेसवीला उतरला की आलाच. आत्या पुण्याहून ताम्हिणी घाटानं. ताम्हिणीत दरड आली तर वरंध्यानं आणि तोही बंद असला तर कुंभार्लीनं चिपळूणला वळसा घालून. लाकडी मखर मुंबईच्या काकांनी करून घेतलेलं, चौदा तुकड्यांचं, ते एका गाडीत मावत नाही म्हणून चौघांत वाटलेलं असतं. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर काकांनी खडूनं आकडा घातलेला. कोण आधी येईल, कोण नंतर, याचा नेम नाही. तेरावा तुकडा कधी पहिल्यांदा येतो. खळ्यात सगळे आकड्यानं लावले की मखर उभं राहतं, आणि नववा नसला तर लगेच फोन जातो, ‘नऊ नंबर कुणाकडे?’

संगणकांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे-घ्यायचे याचा टीसीपी म्हणतात तो संकेत हाच. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी तो १९७४ साली मांडला. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की तोवर जाळी अनेक झाली होती, तारेचं एक, रेडिओचं एक, उपग्रहाचं एक, आणि प्रत्येकाची रीत निराळी. त्यांनी केलेली निवड मला फार मोठ्या मनाची वाटते. वाटेतल्या जाळ्यांकडून कसलीही हमी मागायची नाही. ती पाकीट हरवतील, उशिरा देतील, एकच दोनदा देतील, मागचं पुढे करतील, हे सगळं गृहीत धरायचं. जबाबदारी दोन टोकांवरच्या दोघांची. घेणाऱ्यानं आलेल्याची पोच द्यायची. पाठवणाऱ्यानं पोच येईपर्यंत आपल्याकडची प्रत फाडायची नाही, आणि ठरल्या वेळात पोच आली नाही तर तेच पुन्हा पाठवायचं. फ्रान्सच्या लुई पूझाँ यांनी आपल्या सिक्लाद जाळ्यात हाच विचार आधी करून पाहिला होता, त्यांचं नाव मी मुद्दाम फळ्यावर लिहिते. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून पाकिटं निघाली, रेडिओवरून अर्पानेटवर, तिथून उपग्रहामार्गे युरोपात आणि परत अमेरिकेत, शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या एका संगणकात. सरळ गेलं तर सहाशे किलोमीटरच्या आतबाहेरची वाट, पण ती फिरली दीड लाख किलोमीटरच्या आसपास. सर्फ सांगतात की त्यात एक बिटही हरवला नाही. रेल्वे, फेरीबोट आणि घाट ओलांडून चौदा तुकडे खळ्यात आले. १ जानेवारी १९८३ला अर्पानेटवरच्या सगळ्यांना याच संकेतावर यावं लागलं.

पण पोच नुसती मागून भागत नाही, हे कळायला आणखी तीन वर्षं लागली. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातलं जाळं अचानक गुदमरलं. दोन्ही ठिकाणं चारशे यार्डांवर, आमच्या घरापासून देवळाइतकी. एरवी सेकंदाला ३२,००० बिट्स जायचे, ते ४०वर आले. हजारांतले नव्हेत, नुसते ४०. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं. जाळ्यात गर्दी झाली, म्हणून पोच येईना. पोच येईना, म्हणून जो तो पुन्हा पाठवू लागला. पुन्हा पाठवल्यानं गर्दी वाढली, पोच आणखी लांबली. गणपतीच्या आदल्या रात्री वडखळच्या नाक्यावर जो अडकला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. दोन रांगांच्या चार रांगा करणारा प्रत्येक जण लवकर पोचायचंय म्हणूनच घुसतो, आणि त्यामुळेच कुणी पोचत नाही. जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी काढलेला उपाय असा, की सुरुवात थोडक्यानं करायची, पोच येत राहिली तर हळूहळू वाढवायचं, आणि पोच थांबली तर ती आपल्यालाच मिळालेली सूचना समजून मागे सरायचं. कुणी पोलीस नाही, कुणी नाका नाही. पोच कोणत्या लयीत येते त्यावरून प्रत्येकानं आपली चाल ठरवायची. १९८८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि त्यानंतर या जाळ्यावर कोट्यवधी लोक आले तरी ते तसं पुन्हा कोसळलं नाही, याचं मोठं श्रेय या सबुरीला आहे. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. वर्गात तो सांगताना माझा तास हमखास लांबतो.

वेबची गोष्ट त्या मानानं सगळ्यांना ठाऊक. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळ सर्न संस्थेत १९८९ला कल्पना मांडली, ३० एप्रिल १९९३ला सर्ननं ती कुणालाही विनामूल्य वापरायला खुली केली. तेवढं सांगून मी पुढे जाते.

आपल्याकडे १९८६च्या सुमारास अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याच्या प्रकल्पातून मोजक्या संस्था जोडल्या जाऊ लागल्या, मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्राचा आणि आयआयटीचा त्यात पुढाकार. त्याच वर्षी कर्नाटकात कित्तूरला सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेनं बनवलेलं पहिलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बसलं, १२८ लाइनींचं, वातानुकूलन नसलं तरी उन्हाधुळीत चालणारं. माझ्या मते कोकणातल्या गावांच्या दृष्टीनं १९८६ सालची मोठी बातमी ही दुसरी होती. फोन आल्याशिवाय पुढचं काहीच येणार नव्हतं. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, मोठ्या शहरांत, सेकंदाला ९,६०० बिट्सच्या वेगानं.

मी दादरच्या एका सायबर कॅफेत पहिला ईमेल पाठवला तेव्हा १९९९ साल होतं. तासाचे पैसे मोजून, मोडेमची ती घरघर ऐकत, मैत्रिणीला चार ओळी. रविवारी गावच्या फोनवर बाबांना सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग त्यांचा प्रश्न, ‘पोच आली का?’ मी म्हटलं, बाबा, ते आपोआप पोचतं. ते म्हणाले, ‘आपोआप पोचतं ते झालं. तुला कसं कळलं?’ मला उत्तर देता आलं नाही. पुढे मी हा विषय शिकायला घेतला त्याच्या मुळाशी तो प्रश्न आहे.

काही गोष्टींची पोच मुद्दामच मागत नाहीत, हे नंतर शिकले. बोलण्याचं आणि चित्राचं तसं आहे. व्हिडिओ कॉलमध्ये हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसलं तर तो येईस्तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं, म्हणून हरवलं ते हरवलं म्हणायचं आणि चालत राहायचं. आषाढात आई बोलत असते आणि मधलेच शब्द गळतात. ‘पोफळीला यंदा …ली आहे, डॉक्टर म्हणाले की …’ आणि मग एकदम ‘तर तू काळजी करू नकोस.’ मला माहीत असतं की यंत्रानं योग्यच केलं. मला हेही माहीत असतं की डॉक्टर काय म्हणाले ते त्या गळलेल्या तुकड्यात होतं. अशा वेळी मी फोन ठेवते आणि लिहून पाठवायला सांगते.

आता तो तीन-चारचा आकडा. इंटरनेटच्या मोठ्या वाटा खरोखरच अनेक आहेत. मुंबईच्या समुद्रात पहिली लांबची तार पडली ती १८७० साली, ग्रेट ईस्टर्न जहाजानं मुंबई ते एडन टाकलेली, आणि आज त्याच समुद्रातून काचेच्या तंतूंच्या केबली जातात, खोल पाण्यात माडांना पाणी द्यायच्या पायपाएवढ्याच जाड. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या तेव्हा आपल्याकडचं इंटरनेट रडतखडत चाललं, तरी चाललं, कारण बराच निरोप पूर्वेकडून, सिंगापूरच्या बाजूनं, वळसा घालून गेला. कोकण रेल्वेच्या कडेनंही फायबर गेलेली आहे. पण खेडपासून खाली किनाऱ्याला येईपर्यंत आसांचं ते जाळं विरत जातं आणि शेवटी आमच्या गावात येते ती एकच तार. रस्त्याचं काम करणाऱ्या कुणाच्या जेसीबीनं मोरीजवळ खणलं की पाच गावं मुकी. ज्यांचा टॉवर आहे त्यांच्याकडे तक्रार नोंदवली की आठवडाभर तक्रारीचा क्रमांक तेवढा मिळतो. मग माणसं सड्यावर चढतात. कातळावर उन्हात हात वर करून रेंज शोधणारी दहावीची मुलं मी पाहिली आहेत, वहीवर दगड ठेवून. माझ्या गावाला तीन-चार वाटा नकोत का? जाळं शोधणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं की एका धाग्यावर काहीही टांगू नका. आम्हाला त्या एका धाग्यालाच इंटरनेट म्हणायला लावलं आहे, याचा मला राग येतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभराच्या वर वारा. टाळेबंदी होती, मी मुंबईत, आई-बाबा गावी. सकाळी साडेअकराला आई म्हणाली, ‘माड वाकायला लागलेत, ठेवते.’ त्यानंतर काही नाही. खांब पडले, टॉवरचं डिझेल संपलं, रस्त्यावर झाडं आडवी. चार तारीख गेली, पाच गेली. टीव्हीवर वरून काढलेली चित्रं दिसत होती, त्यात पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या. आमचं आगर त्यात कुठलं ते मला ओळखता येईना. मुंबईतल्या आमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर दोनशे माणसं एकमेकांना एकच विचारत होती. सहा, सात.

आठ तारखेला दुपारी फोनवर एक फोटो आला. दुरेघी वहीचं पान, बाबांचं अक्षर. वर लिहिलेलं, ‘यादी क्र. १. एकूण घरे ४१.’ खाली क्रमांक, घर, मजकूर आणि मुंबईचा फोन. ‘४. सुखरूप. कौले गेली.’ ‘९. सुखरूप. गाय गेली.’ ‘१६. आजीचा पाय मुरगळला, बाकी सुखरूप.’ बाराव्या ओळीत आम्ही होतो, ‘सुखरूप. आगर राहिले नाही.’ सगळ्यात खाली, रेघ मारून, ‘पोच आणणाऱ्याजवळ द्यावी.’

आणणारा शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा होता. कोयता घेऊन, मोटारसायकल कुठे चालवत, कुठे ढकलत तो दापोलीवरून खेडपर्यंत गेला. भरण्याच्या नाक्यावर त्याला रेंज मिळाली. ओळखीच्या चौघांना त्यानं फोटो पाठवला, चौघांनी ग्रुपवर टाकला, आणि तासाभरात ४१ घरांचा निरोप नालासोपाऱ्यापासून पनवेलपर्यंत पसरला. मग त्या मुलाचा फोन वाजत राहिला. ‘बारा नंबर, पोचलं.’ ‘चार नंबर, पोचलं, सांग पैसे पाठवतो.’ तो दुकानाच्या पायरीवर बसून वहीत खुणा करत होता, बॅटरी संपेपर्यंत. संध्याकाळी वही परत गेली. बाबांनी कंदिलाच्या उजेडात खुणा मोजल्या. बत्तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘यादी क्र. २’ निघाली, त्यात फक्त नऊ घरं. तिसऱ्या यादीत दोन.

त्या रात्री मी ते पान मोठं करून कितीतरी वेळ पाहत होते. क्रमांक, मजकूर, पोच, न आलेलं तेवढंच पुन्हा. माझे बाबा आठवी शिकलेले आहेत. सर्फ आणि कान यांचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही.

शेवटी एक राहिलं. क्रमांक २७, वरच्या आळीतली एकटी राहणारी काकी. तिच्या मुलाचा नंबर दाराच्या मागे कोळशानं लिहिलेला, तो लावला की ‘अस्तित्वात नाही’ अशी टेप लागायची. गावात लाइन आल्यावर बाबा तो नंबर रोज संध्याकाळी लावत राहिले. शेवटचा आकडा सात आहे की एक, असं वाटून दोन्ही लावून पाहिले. मी एकदा म्हटलं, बाबा, यंत्रसुद्धा ठरावीक वेळा प्रयत्न करून सोडून देतं. ते म्हणाले, ‘तिनं विचारलं तर काय सांगू?’

त्या वर्षी गणपतीला येणाऱ्यांना आधी गावच्या शाळेत दहा दिवस वेगळं राहावं लागत होतं. ऑगस्टमध्ये एका पहाटे मंडणगडाकडून चालत तो मुलगा आला. काम गेलं होतं, फोन विकला होता, खोली सोडली होती. शाळेच्या व्हरांड्यात त्याला सतरंजी टाकून दिली. बातमी कळल्यावर बाबा चहाही न घेता निघाले, असं आईनं फोनवर सांगितलं. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. मग पिशवीतून वही काढली, फाटकाच्या खांबावर टेकवली, सत्तावीसच्या पुढे खूण केली, तारीख घातली, आणि वरच्या आळीच्या पाखाडीला लागले.